प्रार्थना मागण्यांची यादी होऊन बसते. नम्रता आणि भरवसा रोजच्या जगण्यात कसा आणायचा?

मोहरीचा_दाणा

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

सकाळची २० मिनिटं प्रार्थनेसाठी ठरलेली आहेत आणि बहुतेक दिवस ती पाळली जातात. अडचण त्या वेळात जे घडतं (किंवा घडत नाही) त्याची आहे. तीन गोष्टी नेमक्या विचारायच्या आहेत.

एक, पाचव्या मिनिटापर्यंत प्रार्थनेची यादी झालेली असते. घर, आजारपण, पैसे, नोकरी, मुलांच्या परीक्षा. यादी संपली की शब्द संपतात आणि मन भटकायला लागतं. उरलेला वेळ त्याला ओढून आणण्यात जातो.

दोन, "प्रभू, मी काहीच नाही, मी धूळ आहे" असं म्हणायची सवय आहे. पण तेच दुसऱ्या कोणी तोंडावर म्हटलं की राग येतो. मग सकाळी जे म्हटलं ती नम्रता होती का?

तीन, चिंता देवावर टाकली असं म्हणून उठावं, तर दाराबाहेर पडेपर्यंत ती परत खांद्यावर बसलेली असते. शिवाय औषध, बचत, पर्यायी योजना हे सगळं अविश्वासाचं लक्षण आहे असं सांगणारेही भेटतात. यात खरं काय?

"विश्वास ठेवा, प्रभू करील" याच्या पुढचं उत्तर हवं आहे. काय करायचं, किती वेळ, आणि नेमकं कुठे चुकतं.

---

दिव्यातलं_तेल

सलाम. पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

यादी असणं हा दोष नाही. यादी सगळ्यात आधी येते आणि तिला बसायला जागा नसते, म्हणून ती सगळी प्रार्थना व्यापते. ती जागा प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आहे (मत्तय ६:९-१३). तिचा क्रम बघा. नाव, राज्य, इच्छा या पहिल्या तिन्ही विनंत्या "तुझं" म्हणतात. भाकर, ऋण (म्हणजे अपराधांची क्षमा), परीक्षा (म्हणजे मोह) हे त्यानंतर. आणि "मी", "माझं" हे शब्द त्या प्रार्थनेत एकदाही येत नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत "आमचा", "आम्हांला" असंच आहे.

आता ही प्रार्थना पाठ म्हणून टाकू नका. एकेक विनंती घ्या, दीडेक मिनिट तिथे थांबा आणि आपल्या यादीतली प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवा. पगार पुरत नाही, ही गोष्ट भाकरीच्या विनंतीत जाते, आणि तिथे शब्द "आज" असा आहे हे लक्षात येतं. सहकाऱ्याशी बिनसलंय ते ऋण सोडण्याच्या विनंतीत. त्याचं काय सोडायचं आणि आपलं काय सोडवून घ्यायचं, दोन्ही तिथेच. मुलाची परीक्षा कुठे ठेवाल? बहुतेकजण भाकरीत ठेवतात. "तुझी इच्छा होवो" इथे ठेवून बघा. पहिल्या दिवशी जड जातं, कारण आपल्याला नक्की कोणता निकाल हवाय आणि तो का हवाय, हे तिथे उघडं पडतं. आठवडाभर असं केलं की यादी आपोआप बदलते. काही नावं गळतात, काही नवी येतात, आणि मागणीचा सूरही वेगळा होतो.

तुमच्या २० मिनिटांचं साधारण माप असं ठेवा: २ मिनिटं गप्प बसणं, ५ मिनिटं एक स्तोत्र सावकाश आणि मोठ्याने वाचणं, १० मिनिटं वर सांगितलेली प्रार्थना, शेवटची ३ मिनिटं पुन्हा शांत. घड्याळाकडे सारखं बघावं लागू नये म्हणून एकच गजर शेवटाला लावा.

मन भटकण्याबद्दल. ते ओढून आणायला गेलात की सगळं लक्ष ओढण्यावरच जातं. भटकण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. गॅस सिलिंडर, बिल, फोन करायचाय, असं काम आठवलं तर शेजारच्या कागदावर एक शब्द लिहा आणि परत या. कागदावर उतरलं की मन ते धरून ठेवत नाही. पण पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे किंवा एकाच भीतीकडे जात असेल, तर तो तुमच्या प्रार्थनेचा खरा विषय आहे. त्याचं नाव घ्या, एक वाक्य बोला, मग पुढे चला. ओठ हलवून, हळू आवाजात प्रार्थना केली तरी भटकणं बरंच कमी होतं.

स्तोत्रं एकूण १५०. रोज पाच घेतली तर ३० दिवसांत पूर्ण होतात, पण तुमच्या वेळेत एकच बसवा. ११९ वं आलं की थबकू नका. त्यात १७६ वचनं आहेत, पण ती आठ-आठच्या २२ तुकड्यांत आहेत. रोज एक तुकडा घ्यायचा.

आणखी एक. तेच शब्द परत म्हणणं म्हणजे मत्तय ६:७ मधली बडबड, असा समज पुष्कळांचा आहे. तसं नाही. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जाईल, ही समजूत ६:७ मध्ये नाकारली आहे.

---

रात्रीचं_गीत

वरच्या उत्तरात एक भर. दुःखात असताना "तुझं नाव पवित्र मानलं जावो" इथून सुरुवात करायला जीभ उचलत नाही. अशा वेळी १३ वं स्तोत्र हाती घ्या. सहाच वचनं आहेत.

पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. किती दिवस विसरणार, किती दिवस तोंड लपवणार, किती दिवस मी मनातल्या मनात बेत करत राहू, किती दिवस शत्रूची सरशी. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: लक्ष दे, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. आणि पाचव्याच्या सुरुवातीला "पण मी". चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती काहीही बदललेली नाही. शत्रू तिथेच आहे. बदललंय ते तोंड कुणाकडे आहे, एवढंच.

वहीच्या एका पानावर तीन ओळी सोडा. पहिलीत तुमचं "कोठवर" लिहा, आणि नेमकं लिहा. "त्रास होतोय" हे पुरेसं नाही. "तपासणीचा अहवाल येईपर्यंत झोप लागत नाही", असं. दुसरीत एकच मागणी. तिसरीत "पण" लिहून थांबा. ती ओळ आज भरली नाही तरी चालेल, वही तशीच मिटा. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच: पहिल्या दोन ओळी टाळून लोक थेट तिसरीवर उडी मारतात, कारण तक्रार करणं त्यांना अविश्वास वाटतो. मग ती तक्रार जात कुठेच नाही, आत साचते आणि घरच्यांवर निघते. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, "पण" त्यात येतच नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवापुढे म्हणण्यासाठीच दिलेलं आहे.

---

पायधुणीचं_पाणी

मोहरीचा_दाणा, तुमचा दुसरा प्रश्न फार प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"मी काहीच नाही" हे वाक्य नम्रतेला फारसं उपयोगी पडत नाही, कारण त्यात पकडण्यासारखं काहीच नसतं. योहान १३ काढा. प्रभू शिष्यांचे पाय धुतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तिसरं वचन काय म्हणतं ते बघा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे त्याला ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असूनच तो भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली आणि कमरेला रुमाल बांधला. स्वतःला क्षुद्र समजून तो वाकलेला नाही. आपण कोण आहोत हे पक्कं माहीत होतं, म्हणून काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. स्वतःला तुच्छ लेखणारा माणूस दिवसभर स्वतःचाच विचार करत असतो. त्यात आणि गर्वात अंतर फार थोडं.

मग करायचं काय? कबुली नेमकी करा. "प्रभू, मी मोठा पापी आहे" असं म्हणणं सोपं आहे, कारण त्याने कुठेच टोचत नाही. "काल बैठकीत तिने केलेलं काम मी माझं म्हणून सांगितलं", हे म्हणताना घशाशी येतं. जिथे घशाशी येतं, तिथे ते शब्द खरे असतात. दुसऱ्याने तोंडावर म्हटलं की राग येतो, यातून एवढंच कळतं की सकाळच्या वाक्यात नाव-गाव नव्हतं. आणि त्या रागाचाही उपयोग करा. टीका ऐकली की लगेच उत्तर देऊ नका. यातलं दहातलं एक तरी खरं असेल का, असं विचारा आणि तेवढं संध्याकाळी प्रार्थनेत आणा.

त्यापुढची पायरी म्हणजे माफी. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीवरचं दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जायचं आहे. माफीत तीन गोष्टी असाव्यात: काय केलं, त्याने समोरच्याचं काय झालं, आणि भरपाई कशी करू. "पण" हा शब्द आला की ती माफी राहत नाही. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेही नको, त्यात दोष वाईट वाटण्यावर जातो. कर गोळा करणारा जक्कय आठवा (लूक १९:८): अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत. त्याचा पश्चात्ताप हिशेबात मांडता येण्याजोगा होता.

मंदिरात प्रार्थनेला गेलेला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा) यांच्या दाखल्याबद्दल (लूक १८:९-१४) एक सावधगिरी. जकातदाराचे "मज पाप्यावर दया कर" हे शब्द तोंडी ठेवूनही परुशी होता येतं. "बरं झालं, मी त्या गर्विष्ठ लोकांसारखा नाही" असं मनात आलं की झालंच. परुशाचा दोष उपास किंवा दशमांश हा नव्हता. प्रार्थना करताना त्याची नजर शेजाऱ्यावर होती.

कौतुक झालं तर "छे छे, माझं काय त्यात" म्हणून ते लांबवू नका. "आभारी आहे" म्हणा आणि विषय बदला. मदत घ्यायला शिका. पेत्राला पाय धुवून घेणं हेच अवघड गेलं होतं.

आणि हे कृपा करून नीट वाचा. मारहाण, छळ, फसवणूक सहन करत राहणं म्हणजे नम्रता नव्हे. चपराक बसल्यावर प्रभूने विचारलं, की मी योग्य बोललो तर मला का मारतोस (योहान १८:२३). फटके मारायला बांधलं तेव्हा पौलाने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये २२:२५). नम्रतेच्या नावाखाली कोणाला गप्प बसवलं जात असेल, तर ते शास्त्राला धरून नाही.

---

सायंप्रार्थना

कॅथलिक परंपरेतली एक रीत इथे कामी येईल, कोणत्याही मंडळीच्या माणसाला ती करता येते. १६ व्या शतकात संत इग्नाती लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे सांगितले: आभार, उजेड मागणं, दिवस तासागणिक तपासणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय. रात्री दहा मिनिटं पुरतात. ३ मिनिटं आभाराला, ४ तपासणीला, बाकीच्या तिघांना एकेक.

आभार आधी आहेत याला कारण आहे. ते गाळून थेट तपासणीला बसलात तर दोन आठवड्यांत हा फक्त चुकांचा हिशेब होतो आणि माणूस ते सोडून देतो. तपासताना "कुठे चुकलो" याआधी "आज देव कुठे जवळ होता आणि मी कुठे पाठ फिरवली" असं विचारा. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. जेवणाआधी, खुर्चीवर बसून करा. उद्याचा निश्चय एकच हवा आणि त्यात माणसाचं नाव किंवा वेळ हवी.

---

मोहरीचा_दाणा

मनापासून आभार. यादीच्या जागा लावण्याचं आणि नेमक्या कबुलीचं उद्यापासूनच सुरू करणार. तिसरा प्रश्न अजून राहिला आहे. चिंता टाकली तरी परत येते त्याचं काय? आणि औषध-बचतीचं?

---

खोगीर_आणि_झगे

तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न मुळात एकच आहे. १ पेत्र ५:६-७ उघडा. आपल्याकडे ही दोन वेगळी वचनं म्हणून वाचली जातात: देवाच्या हाताखाली लीन व्हा, हे एक, सर्व चिंता त्याच्यावर टाका, हे दुसरं. मूळ ग्रीकमध्ये ते एकच वाक्य आहे. आज्ञा एकच, "लीन व्हा". "टाका" हे तिथे धातुसाधित आहे, म्हणजे "चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा". लीन कसं व्हायचं, हे तिथे सांगितलंय. कारण चिंता ही बऱ्याचदा "हे सगळं माझ्याच आधारावर उभं आहे" या समजुतीतून येते.

"टाकणे" यासाठी वापरलेलं क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं, लूक १९:३५ मध्ये. शिष्य आपले झगे शिंगरावर टाकतात आणि प्रभूला त्यावर बसवतात. चित्र डोळ्यांपुढे आणा. झगा अंगावरून उतरवावा लागतो, तो दुसऱ्याच्या पाठीवर जातो, आणि आपले हात मोकळे होतात. हात मोकळे होतात ते काम करण्यासाठी, कारण लगेच आठव्या वचनात "सावध असा, जागे राहा" असं आहे.

म्हणून औषध आणि बचत यांचं उत्तर शास्त्रात सरळ आहे. आजारी हिज्कीया राजाला देवाने आयुष्य वाढवून दिलं, तरी गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला गेला (यशया ३८:२१). पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). नहेम्या ४:९ मध्ये एकाच वचनात प्रार्थनाही आहे आणि रात्रंदिवसाचा पहाराही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. आता लूक १२ मधला मूर्ख श्रीमंत बघा. कोठारं त्यानेही बांधायची ठरवली होती. पण त्याच्या बोलण्यात "मी", "माझं पीक", "माझी कोठारं", "माझा जीव" याशिवाय कोणीच नाही, ना देव ना शेजारी. साठवणं दोघांकडे होतं. प्रश्न जीव कशावर टेकला आहे याचा आहे. उलट, औषध टाकून देऊन "आता प्रभूने दाखवावं" म्हणणं हे सैतानाने सुचवलेल्या, मंदिराच्या शिखरावरून उडी मारण्याच्या जवळ जातं, आणि प्रभूने ते मत्तय ४:७ मध्ये नाकारलं आहे.

करायचं असं. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे त्याच्या हातातलं. नोकरीचंच उदाहरण घ्या. अर्ज पाठवणं, ओळखीच्या दोघांशी बोलणं, एक नवं कौशल्य शिकणं हे डावीकडे, आणि प्रत्येकापुढे वार व वेळ लिहायची. निवड होईल का, कधी होईल, समोरच्याच्या मनात काय आहे, हे उजवीकडे. उजवी बाजू मोठ्याने वाचून देवाच्या हवाली करा. लोकांचं बिघडतं ते इथे: उजवीकडच्या गोष्टींसाठी रात्रभर जागायचं आणि डावीकडची कामं "प्रभू करील" म्हणून सोडायची.

चिंता परत येईलच. आली की एकच प्रश्न विचारा: हिच्यामुळे डावीकडे एखादं नवं काम लिहावं लागतंय का? असेल तर लिहा. नसेल तर "हे तुझ्याकडे दिलंय" एवढं म्हणून पुन्हा टाका. दिवसात वीस वेळा टाकावी लागली तर वीस वेळा. परत टाकावी लागणं हा पराभव नव्हे. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासाबद्दल, तीनदा विनवणी केली (२ करिंथ १२:८), आणि काटा गेला नाही, कृपा मिळाली. रानात इस्राएलांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, तेही माणशी एक ओमर (एक माप) असं रोजच्या रोज मिळत होतं, उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत होते. फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, आणि तो टिकत होता. दोन्ही आज्ञा देवाच्याच.

आणि झोप उडाली आहे, भूक मेली आहे, असं बरेच दिवस चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू, पुन्हा झोप, पुन्हा खाणं. देवाशी संवाद त्यानंतर आहे.

---

दिव्यातलं_तेल

यावर फक्त एक जोडतो. दिवसभरात वीस वेळा टाकायचं तर शब्द तयार असावे लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत. राजाने "काय हवंय तुला?" असं विचारलं आणि नहेम्याने उत्तर द्यायच्या आत देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). एका श्वासाची असेल. संत ऑगस्टिन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेवर पत्र लिहिलं, त्यात मिसरातले बंधू बाणासारख्या छोट्या, वारंवार प्रार्थना करत, असा उल्लेख आहे.

स्तोत्रातलं किंवा शुभवर्तमानातलं एकच छोटं वाक्य निवडा, श्वास घेताना अर्धं आणि सोडताना अर्धं बसेल असं. जकातदाराचं "हे देवा, मज पाप्यावर दया कर" चांगलं बसतं. निदान महिनाभर ते बदलू नका. आणि ते रोजच्या एखाद्या ठरलेल्या हालचालीला बांधून टाका: दाराची कडी काढताना, फोन उचलण्याआधी, जिना चढताना. तुमची चिंता दाराबाहेर पडेपर्यंत परत येते म्हणालात ना, मग कडीपासूनच सुरू करा.